रोजच्या स्वयंपाकातील क्रियापदे

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात मराठी कुठे कुठे उरली आहे, असे विचारले तर देवघर, आजी-आजोबांशी होणारे बोलणे आणि स्वयंपाकघर या जागा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतील. देवघरातली भाषा पाठ असते. आजी-आजोबांशी बोलणे त्यांच्या असण्यावर अवलंबून असते. स्वयंपाकघर मात्र दिवसातून दोनदा चालते आणि तिथे बोलल्यावाचून काम होत नाही. तरीही भाषेच्या जतनाविषयी आपण बोलतो तेव्हा साहित्य संमेलने, शाळा, ग्रंथालये यांचा विचार होतो. ओट्याजवळच्या मराठीचा होत नाही.

मी इंदूरमध्ये वाढले. शाळेत भाषा शिकवते आणि रविवारी काही मुलांचा मराठीचा वर्ग घेते. ही मुले मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. त्यांच्यासोबत काम करताना माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट या लेखात मांडायची आहे. वरण, पिठले, कांदेपोहे, भाकरी, कढी असा जो रोजचा, साधा, पाहुण्यांसाठी न केलेला स्वयंपाक असतो, त्याचे खरे ज्ञान त्याच्या क्रियापदांत साठवलेले असते. पदार्थाचे नाव बदलले तरी पदार्थ तोच राहतो. क्रियापद हरवले की हात चुकतो. म्हणून जपायचे असेल तर आधी काय जपायचे, हे ठरवायला स्वयंपाकघर चांगली जागा आहे.

तळणे, परतणे, भाजणे

दुसऱ्या शहरात नोकरीला असलेली माझी भाची एकदा फोनवर म्हणाली, “मावशी, रेसिपीत ‘कांदा फ्राय करा’ असं लिहिलंय. तेल किती घालू?” प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्या एका शब्दातून तेलाचा अंदाज येत नाही. मी म्हटले, “अगं, परतायचाय, तळायचा नाहीये.” पुढे काही सांगावे लागले नाही.

तळणे म्हणजे पदार्थ बुडेल एवढ्या तेलात किंवा तुपात सोडणे. भजी, पुरी, कुरडई तळतात. परतणे म्हणजे थोड्या तेलात उलटसुलट करत राहणे. या शब्दात ‘परत’ आहे, म्हणजे हाताने काय करायचे ते शब्दच सांगतो. भाजणे म्हणजे तेल न घालता कोरड्या उष्णतेवर ठेवणे. दाणे, रवा, वांगे, पापड भाजतात. शेकणे हे भाजण्याच्या शेजारचे, पण त्यात उष्णता सौम्य आणि वेळ थोडा असतो. हिंदीतील ‘भूनना’ भाजण्यालाही चालते आणि परतण्यालाही. मूंगफली भूनते हैं, मसाला भी भूनते हैं. इंग्रजीतून आलेला ‘फ्राय’ तळण्यालाही चालतो आणि परतण्यालाही. या दोन शब्दांतून शिकलेल्या मुलाला तेलाचे प्रमाण वेगळे सांगावे लागते. मराठीत ते क्रियापदातच सांगून झालेले असते.

पाण्याच्या बाबतीतही तसेच आहे. पाणी उकळते, बटाटे उकडतात, भात शिजतो, दूध तापवतात आणि बासुंदीसाठी आटवतात, लोणी कढवतात. उकळणे ही द्रवाची अवस्था आहे. उकडणे हे घन पदार्थाचे असते आणि तो पदार्थ आपला आकार सोडत नाही. म्हणूनच पाण्यात बुडवलेले बटाटे आणि वाफेवर ठेवलेले मोदक दोन्ही उकडतात. शिजणे हा परिणाम आहे. दाणा बोटाने चेपला गेला की शिजला. आटवण्यात पाणी उडवून लावायचे असते. लोणी कढवताना त्यातले पाणी जाते, तळाशी बेरी बसते आणि वर तूप राहते. ‘बॉइल’ किंवा ‘उबालना’ या एका शब्दाखाली हे सगळे गेले की कोणत्या खुणेला गॅस बंद करायचा हे कळत नाही.

यातून हिंदी गरीब आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. माळव्यातल्या हिंदीभाषक घरांत ‘औटाना’ आहे, ‘सेंकना’ आहे, ‘दरदरा’ आहे. आपल्या ‘आधणा’चा भाऊबंद ‘अदहन’ उत्तरेकडच्या अनेक बोलींत आहे. घरची हिंदी घरच्या मराठीइतकीच नेमकी आहे. मुलांपर्यंत मात्र ती पोहोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती पाकिटावरची आणि व्हिडिओतली भाषा, जिच्यात ‘बनाना’, ‘पकाना’, ‘फ्राय’, ‘मिक्स’ एवढ्यांतच भागते. आपल्याकडेही ‘पोळी बनवली’, ‘चहा बनव’ ही वाक्ये रुळली आहेत. पोळी लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, धिरडे घालतात, चहा करतात किंवा टाकतात. ‘बनवणे’ आले की लाटण्या-थापण्यातला फरक वेगळा शिकवावा लागतो.

वाटणे, दळणे, कुटणे

दुसरा गट बारीक करण्याच्या क्रियांचा. चटणी वाटतात, पीठ दळतात, दाण्याचे कूट कुटतात, लसूण ठेचतात, लापशीसाठी गहू भरडतात, डाळ घोटतात, उकडलेला बटाटा कुस्करतात. वाटण्यात ओलावा असतो, दळण्यात नसतो. कुटण्यात वरून आघात असतो, वाटण्यात घासणे असते. प्रत्येक क्रियेमागे एकेक साधन उभे होते. वाटायला पाटा-वरवंटा, दळायला जाते, कुटायला खलबत्ता किंवा उखळ-मुसळ, घुसळायला रवी.

मिक्सर आला आणि या सगळ्यांच्या जागी ‘मिक्सरमधून काढणे’ आले. सोय झाली, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु दाण्याचे कूट करताना मिक्सर जरा जास्त वेळ चालला तर दाण्यातले तेल सुटते आणि कुटाचा गोळा होतो. खलबत्त्यात हात आपोआप थांबत असे. मिक्सरला कुठे थांबवायचे हे आता डोक्याने ठरवावे लागते, आणि त्यासाठी पोताचे शब्द लागतात. भरड, जाडसर, रवाळ, बारीक, गंधासारखे. कोशिंबिरीला भरड कूट हवे. आमटीत दाटपणा यावा म्हणून बारीक. खोबऱ्याचे वाटण रश्शात मिळून यायचे तर गंधासारखे. साधन गेले तरी शब्द शिल्लक असला तर नव्या साधनालाही काम सांगता येते.

चिरण्याचेही असेच. भाजी चिरतात, पालेभाजी निवडतात, देठ खुडतात, गवार मोडतात, नारळ खवतात, गाजर किसतात आणि काकडी चोचवतात. काकडीवर सुरीचे किंवा विळीचे जवळजवळ उभे-आडवे घाव घालून मग ती उतरवणे म्हणजे चोचवणे. किसलेली काकडी लगेच पाणी सोडते आणि मऊ पडते. चोचवलेल्या काकडीचे तुकडे धरून राहतात, दाताखाली येतात, आणि मीठ आयत्या वेळी घातले तर पाणीही कमी सुटते. खमंग काकडीला खमंगपणा फोडणीतून मिळतो, कुरकुरीतपणा मात्र या एका क्रियापदातून मिळतो.

किसण्याचा विषय निघाला म्हणून इंदूरचे एक उदाहरण देते. इथे सराफ्यात ‘भुट्टे का किस’ मिळतो. कोवळे मक्याचे कणीस किसायचे, तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी करून त्यात कीस परतायचा, दूध घालायचे आणि तो आळेपर्यंत ढवळत राहायचे. हिंदीच्या इतर प्रदेशांतून आलेल्या माणसाला ‘किस’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. घरात किसणी असलेल्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

फोडणीचा क्रम आणि दिशा

फोडणी हा शब्द फोडण्यावरून आला आणि मोहरी फुटणे हीच तिची पहिली खूण आहे. मोहरीच्या दाण्यात किंचित ओलावा असतो. तेल पुरेसे तापले की त्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. म्हणजे तडतडणारी मोहरी हे एक प्रकारचे तापमापक आहे. त्यानंतर जिरे. मग हिंग आणि हळद, कारण ही दोन्ही लवकर करपतात. हिंगाचा उग्रपणा तेलात निवळतो, आणि हळदीचा रंग पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात अधिक चांगला उतरतो. म्हणून ती दोन्ही तेलातच घालायची. कढीपत्त्यात पाणी असते, तो टाकताना तेल उडते, तेव्हा हात लांब ठेवायचा. लाल तिखट घालायचे असेल तर आच कमी करून शेवटी, आणि लगेच पुढचा पदार्थ आत.

हा क्रम माझ्या आजीने कधी कारणांसह सांगितला नाही. ती फक्त म्हणायची, “मोहरी फुटू दे, मग हिंग.” कारणे पुढे विज्ञानाच्या पुस्तकांत मिळाली. आजीच्या वाक्यात ती आधीच बसलेली होती.

फोडणीला दिशाही असते, आणि ती विभक्तिप्रत्ययाने किंवा शब्दयोगी अव्ययाने कळते. “बटाटा फोडणीला टाक” म्हणजे आधी फोडणी, तिच्यात बटाटा. “वरणाला फोडणी दे”, “कोशिंबिरीवर फोडणी घाल” म्हणजे पदार्थ तयार आहे, फोडणी वरून. पहिल्या प्रकारात पदार्थ फोडणीत शिजतो आणि मसाले त्यात मुरतात. दुसऱ्यात फोडणीचा वास वर राहतो. ‘तडका लगाना’ म्हटले की ही दिशा संदर्भावरून ओळखावी लागते.

पिठल्यात हा सगळा नेमकेपणा एकत्र दिसतो. फोडणीत कांदा परतायचा, पाणी घालायचे, मीठ-तिखट घालून उकळी आणायची. मग डाळीचे पीठ एकतर गार पाण्यात कालवून ओतायचे किंवा कोरडेच वैरायचे. वैरणे म्हणजे एका हाताने पीठ थोडे थोडे भुरभुरत सोडणे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहणे. पीठ एकदम टाकले तर गोळ्याचा बाहेरचा थर गरम पाण्यात लगेच शिजून घट्ट होतो, आतले पीठ कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. वैरल्याने प्रत्येक कणाला पाणी मिळते. शेवटी झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची, म्हणजे पिठाचा कच्चा वास जातो. कालवणे, वैरणे, ढवळणे, वाफ आणणे ही चार क्रियापदे ज्याला माहीत आहेत त्याला पिठले येते. त्याला वेगळी कृती लिहून द्यावी लागत नाही.

डाळीच्या बाबतीत असाच एक नियम आहे. आमटीला चिंच किंवा आमसूल घालायचे ते डाळ शिजल्यावर, आधी नाही. आंबटामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. ‘दाल’ या एका शब्दात वरण, आमटी, सार, कट सगळे मावते, पण घरातल्या मराठीत त्यांची गणिते वेगळी आहेत. गोड्या वरणात आंबट नाही, आमटीत आंबट आणि गूळ दोन्ही, सार पातळ आणि प्यायचे, कट म्हणजे पुरणाची डाळ शिजवून निथळलेले पाणी.

बिघडण्याचे शब्द

स्वयंपाक जमल्याच्या शब्दांइतकेच तो बिघडल्याचे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यांत पुढचा निर्णय असतो. मुले आज सरसकट ‘खराब झालं’ म्हणतात. घरातली मराठी विचारते, काय झाले? दूध नासले, भाजी विटली, पीठ आंबले, खोबरे खवट झाले, पोळी करपली, खीर तळाला लागली, कढी फुटली, भात गिच्च झाला.

नासलेल्या ताज्या दुधाचा गोड पदार्थ होतो. आंबलेले पीठ काही वेळा मुद्दाम आंबवलेले असते. विटलेली भाजी टाकायची, तिच्याशी वाद घालायचा नाही. खवट खोबऱ्याचा वास कशानेही जात नाही. खीर लागली असेल तर न ढवळता वरची अलगद दुसऱ्या भांड्यात काढायची, पळी तळाला लावायची नाही. प्रत्येक शब्दाबरोबर एक कृती येते. अन्न वाया घालवू नये ही शिकवण भाषणातून देण्यापेक्षा या शब्दांतून लवकर पोहोचते.

कढी का फुटते हेही शब्दाशी जोडलेले आहे. ताकातली प्रथिने जोरात उष्णता मिळाली की गोळा होतात आणि पाणी वेगळे पडते. थोडे डाळीचे पीठ लावले की त्यातला स्टार्च ही प्रथिने सुटी ठेवायला मदत करतो. तरी आच मंद हवी आणि हात चालू हवा. म्हणून घरात “कढी उकळ” असे कोणी सांगत नाही, “कढी ढवळत राहा” असे सांगतात.

नामे गावाप्रमाणे बदलतात

इथे कोणी विचारील की शेजारच्या भाषेचे शब्द येऊ द्यायचेच नाहीत का? माझे उत्तर आहे, नामे येऊ द्या. ती नेहमीच येत आली आहेत. बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि मराठी झाले. मिरची, बटाटा, भुईमूग ही पिके मूळची अमेरिका खंडातली. त्यांच्यावाचूनचा मराठी स्वयंपाक आज कल्पनेत येत नाही.

पोह्यांचेच पाहा. गोव्यात तो फोव होतो, वडोदऱ्यात शेजारी पौंआ म्हणतात, बेळगावात अवलक्की ऐकू येते, हैदराबादेत तेलुगू शेजारीण अटुकुलु म्हणते. इंदूरच्या ठेल्यावर पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम ठेवतात, वर शेव आणि जिरावण घालतात आणि सोबत जिलबी देतात. घरचे कांदेपोहे वेगळे. तिथे जाड पोहे धुऊन निथळत ठेवतात, फोडणीत कांदा मऊ होईपर्यंत परततात, पोहे घालून हलक्या हाताने हलवतात आणि एक वाफ काढतात. पोहे कांडण्यापूर्वीच भाताला उष्णता दिलेली असते. त्यामुळे पोह्यांना शिजवणे लागत नाही, ओलावा आणि वाफ पुरते. दडपे पोह्यांना तर आगही नको. पातळ पोह्यांत ओले खोबरे, कांदा, लिंबाचा रस मिसळून ते दडपून ठेवले की तोच ओलावा त्यांना मऊ करतो. ‘दडपणे’ हीच तिथली पूर्ण पाककृती आहे.

अंबाडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. हीच आंबट पालेभाजी कन्नडमध्ये पुंडी आणि तेलुगूत गोंगूरा. बेळगाव आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणच्या मराठी घरांत ती होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ही भाजी दोन्हीकडे सारखीच ओळखीची असली तर नवल नाही. बाजारात तिला गोंगूरा म्हणून विकत घ्यावे लागते, नाहीतर विक्रेत्याला कळत नाही. घरी आणल्यावर मात्र पाने खुडायची, उकडायची, पाणी पिळून काढायचे म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो, मग तुरीची डाळ आणि कण्यांबरोबर शिजवून घोटायची आणि वरून लसणाची फोडणी द्यायची. नाव तेलुगू झाले म्हणून भाजी परकी होत नाही, कारण खुडणे, उकडणे, पिळणे, घोटणे हे घरातच राहिलेले असते.

फोडणीलाही शेजारी नावे आहेत. गुजरातीत वघार, कन्नडमध्ये ओग्गरणे, तेलुगूत तालिंपु किंवा पोपु, हिंदीत छौंक आणि बघार. आपल्या मुलांना हे शब्द माहीत असावेत. सीमेवरच्या आणि बाहेरच्या मराठी माणसाची ती कमाई आहे. फक्त ते आपल्या शब्दाच्या शेजारी बसावेत, त्याला उठवून नव्हे. इंदुरात पेरूला जाम म्हटले आणि वडोदऱ्यात जामफळ म्हटले तर काही बिघडत नाही. ‘भाकरी बनवली’ म्हटल्याने थापण्याची क्रिया विस्मरणात गेली, तर मात्र बिघडते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पिठात गरम पाणी घालून मळावे लागते आणि भाकरी हातानेच पसरवावी लागते. पीठ जुने झाले की त्याची ‘विरी’ जाते आणि भाकरीला चिरा पडतात. थापणे आणि विरी हे दोन शब्द गेले की चिरा का पडल्या याचे उत्तर घरात कोणाकडे राहत नाही.

लिहून ठेवलेले आणि न लिहिलेले

मराठीत पाकशास्त्र लिहिण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्राच्या बराच बाहेर आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ दुसऱ्या सरफोजी राजांच्या नावाने ओळखले जाते आणि सरस्वती महाल ग्रंथालयाने ते प्रसिद्ध केले आहे. छापील पुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. आपल्या आईच्या पिढीच्या हाती आले ते कमलाबाई ओगले यांचे १९७० चे ‘रुचिरा’, ज्यात वाटी आणि चमचा ही घरातली मापे वापरली आहेत.

मापांचीही एक भाषा होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापे व्यवहारातून गेली. पण चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, पळी, डाव ही शरीराची आणि भांड्यांची मापे अजून चालतात. तांदळावर बोटाचे एक पेर पाणी, हे माप कोणत्याही भांड्यात वापरता येते. आमटी ‘पळीवाढी’ हवी म्हटले की दाटपणा कळतो. आजाऱ्याला गुरगुट्या भात, रोजच्या जेवणाला मऊ मोकळा भात, खिचडी आसट. यांपैकी पुष्कळ शब्द पुस्तकांपेक्षा बोलण्यातच जास्त राहिलेले आहेत. बोलणारे आहेत तोवरच ते मिळतील.

वर्गात काय करता येते

माझ्या वर्गात मी एक साधा स्वाध्याय देते. घरातला रोजचा एक पदार्थ निवडायचा, करणाऱ्याजवळ उभे राहायचे आणि त्या माणसाच्या तोंडची क्रियापदे जशीच्या तशी लिहायची. कागदाचे तीन रकाने. पहिल्यात क्रियापद, दुसऱ्यात ते कशाला लागते आणि केव्हा थांबायचे, तिसऱ्यात शेजारच्या भाषेत त्याला काय म्हणतात.

पहिल्या वेळी एका मुलाने पिठल्याखाली लिहून आणले, ‘आजी पीठ टाकते.’ मी विचारले, “आजी ‘टाकते’ म्हणाली का?” पुढच्या रविवारी तो आला तो हाताने भुरभुरण्याची खूण करतच. “ती ‘वैरते’ म्हणाली. आणि म्हणाली, टाकलंस तर गुठळ्या खाशील.” हा शब्द त्याने त्या दिवसानंतर वर्गात तीनदा वापरला, एकदा कबुतरांना दाणे टाकण्यासाठीही. ते चुकीचे होते की नाही यावर वर्गात चांगली चर्चा झाली. ती सगळी मराठीत झाली हे मला नंतर जाणवले.

या स्वाध्यायाचे काही फायदे अनुभवाने सांगते. मूल आज्ञार्थ शिकते, कारण स्वयंपाकघर आज्ञार्थावर चालते: चिर, परत, झाक, उतरव. भूतकाळाची रूपे येतात: शिजला, शिजली, शिजले, आणि भात, डाळ, वरण यांच्या लिंगाचा घोळ आपोआप सुटतो. मुलगे आणि मुली दोघांनाही ओट्याजवळ उभे राहावे लागते. घरात दुसऱ्या भाषेतून आलेली सून किंवा जावई असेल तर तिसरा रकाना भरायला तेच सर्वांत उपयोगी पडतात, आणि मराठी शिकण्याचे त्यांच्यावरचे दडपणही हलके होते.

शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. मुलाने ‘आलू’ किंवा ‘मूंगफली’ लिहिले तर लाल शाई वापरू नये. ‘बनवले’ लिहिले तर मात्र थांबून विचारावे, “म्हणजे नेमके काय केले?” या एका प्रश्नाने मूल पुन्हा स्वयंपाकघरात जाते.

लेखकांसाठीही इथे काम आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत पात्रे ‘स्वयंपाक करतात’ आणि पुढच्या ओळीत ‘जेवतात’. मधल्या वेळात घरात काय काय बोलले जाते ते फारसे येत नाही. गोव्यातल्या, बेळगावातल्या, ग्वाल्हेरातल्या मराठी घराचे वेगळेपण दाखवायला त्या मधल्या वेळाइतके उपयोगी दुसरे काही नाही.

वेगवेगळ्या गावांच्या अशा याद्या एकत्र ठेवल्या तर कोणते क्रियापद सगळीकडे टिकले आहे, कोणते फक्त एका गावात उरले आहे आणि कोणते साठीच्या पुढच्यांनाच आठवते, हे समजू शकेल. त्यासाठी निधी किंवा समिती लागत नाही. वही, पेन आणि जेवणाआधीचा अर्धा तास लागतो. माझ्या वर्गाच्या यादीत सध्या एकशे बारा क्रियापदे आहेत. त्यांतील ‘चोचवणे’ आणि ‘वैरणे’ ही दोन सुरुवातीला एकाही मुलाला माहीत नव्हती, आणि दोन्ही त्यांच्याच घरात रोज वापरली जात होती. आपल्या गावाची यादी करून पाहावी, आणि आमच्या यादीत नसलेला शब्द मिळाला तर तो कशाला लागतो आणि केव्हा थांबायचे, हेही त्याच्यासोबत लिहून ठेवावे.